विंडोज १० वरून ११ वर जाताना: अपग्रेड करावं की फॉरमॅट मारावा?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा सपोर्ट थांबवला. त्या दिवशी कुणाचंही मशीन बंद पडलं नाही, त्यामुळे सांगलीच्या मार्केट यार्डातल्या कितीतरी दुकानांत अजून तेच चालू आहे. पण सुरक्षेचे नेहमीचे अपडेट यायचे थांबले. ज्या कॉम्प्युटरवरून जीएसटी भरला जातो आणि बँकेचे व्यवहार होतात, त्यावर असं राहणं धोक्याचं आहे. मग मालक ओळखीच्या मुलाला बोलावतात. तो म्हणतो, "काका, फॉरमॅट मारून अकरा टाकतो, तासाभराचं काम." तास-दीड तासात विंडोज ११ खरंच चालू होतं. संध्याकाळी पावती करायला बसल्यावर कळतं, की टॅलीचा डेटा सी ड्राइव्हलाच होता.

मी सांगलीत एका कर सल्लागारांच्या ऑफिसात काम करते. ऑफिसातली मशीनं आणि काही क्लायंटची मशीनं दहावरून अकरावर नेताना मी अपग्रेडही केलं आहे आणि सगळं पुसून नव्यानं विंडोजही टाकलं आहे. हा लेख पहिल्यांदाच हे करणाऱ्यांसाठी आहे: छोटं दुकान, सेवा केंद्र, क्लास, दवाखान्याचं काउंटर किंवा घरचा लॅपटॉप.

माझं मत सुरुवातीलाच सांगते. मशीन नीट चालत असेल तर आधी अपग्रेड करा. अपग्रेडनंतर दहा दिवस मागे फिरता येतं. फॉरमॅट मारल्यावर मागे फिरायला वाट नसते, हातात असतो तो फक्त तुमचा बॅकअप.

दोन्हींतला फरक असा. अपग्रेडमध्ये जुन्या विंडोजच्या जागी नवं बसतं आणि तुमच्या फाइल्स, प्रोग्रॅम, प्रिंटर, पासवर्ड बहुतेक जागच्या जागी राहतात. क्लीन इन्स्टॉल, म्हणजे आपण ज्याला फॉरमॅट मारणं म्हणतो, त्यात विंडोजचा ड्राइव्ह पूर्ण पुसला जातो आणि सगळे प्रोग्रॅम एकेक करून पुन्हा टाकावे लागतात.

पायरी १: मशीन अकरा घेतं का, ते आधी पाहा

मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत अ‍ॅप उतरवून चालवा. मशीन पात्र आहे की नाही, नसेल तर कशामुळे, ते त्यात समजतं. किमान अटी अशा: ६४ बिटचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी डिस्क, यूईएफआय (मशीन सुरू करण्याची नवी पद्धत) आणि सिक्युअर बूटची (सुरू होताना फेरफार झाला नाही ना, हे तपासण्याची) सोय, आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप. ४ जीबी ही कागदावरची अट आहे. टॅली, ब्राउझर आणि एक्सेल एकदम उघडून काम करणाऱ्यांनी ८ जीबीखाली जाऊ नये.

बहुतेक मशीनं प्रोसेसरवर अडतात. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. नाव आय ५-८२५० यू असं असेल तर आडव्या रेघेपुढचा ८ हा पिढीचा आकडा. आय ३-६००६ असेल तर ती सहावी पिढी, ते मशीन अधिकृतपणे पात्र नाही. एएमडीत बहुतांशी रायझन २००० मालिकेपासून पुढचे चालतात.

‘टीपीएम नाही’ असा शेरा आला तर लगेच निराश होऊ नका. पुष्कळ मशीनमध्ये ते असतं, पण बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये, बंद ठेवलेलं असतं. इंटेलच्या मशीनवर ते पीटीटी या नावानं सापडतं, एएमडीवर एफटीपीएम. चालू करून पुन्हा तपासा.

आणखी एक अडचण असेंबल केलेल्या जुन्या डेस्कटॉपवर हमखास येते. मशीन ‘लेगसी’, म्हणजे जुन्या पद्धतीनं सुरू होत असतं आणि डिस्क एमबीआर या जुन्या प्रकारची असते. विंडोज १० मध्येच एमबीआर-टू-जीपीटी नावाचं साधन आहे. ते डेटा न पुसता डिस्क जीपीटी या नव्या प्रकारात बदलून देतं, मग बायोसमध्ये यूईएफआय निवडायचं. हे काम बॅकअप हातात असल्याशिवाय करू नका. कमांड देण्याची सवय नसेल तर जाणकाराला शेजारी बसवा.

पायरी २: अपग्रेड की क्लीन, हे ठरवा

मशीन किती जुनं आहे यापेक्षा त्यात काय आहे यावर हा निर्णय घ्यायचा. स्वतःला एक प्रश्न विचारा: यातला कुठला प्रोग्रॅम मला पुन्हा टाकता येणार नाही? दवाखान्याचं बिलिंग सॉफ्टवेअर करून देणारा माणूस आता फोन उचलत नाही, पतसंस्थेच्या जुन्या पॅकेजची सीडी हरवली, श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरची डाँगल (लायसन्सची यूएसबी चावी) आहे पण सेटअप कुठे ठेवला ते माहीत नाही. असं एक जरी असेल तरी फॉरमॅट मारू नका. अपग्रेड करा.

क्लीन इन्स्टॉल खालच्या परिस्थितीत करा:

- मशीनमध्ये व्हायरस शिरला आहे, किंवा क्रॅक केलेले प्रोग्रॅम आणि अ‍ॅक्टिव्हेटर (लायसन्स न घेता विंडोज चालू करून देणारे प्रोग्रॅम) टाकून ठेवले आहेत. ही घाण अपग्रेडबरोबर पुढे जाते.
- सध्याचं विंडोज ३२ बिटचं आहे. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं, त्यामुळे इथे अपग्रेडचा रस्ताच नाही. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग अबाउट उघडलं की ‘सिस्टिम टाइप’ समोर दिसतं.
- विंडोज ७ वरून थेट यायचं आहे.
- जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवत आहात आणि जुन्या विंडोजमध्ये आधीच कुरबुरी आहेत.
- अपग्रेड करून पाहिलं आणि ते त्याच टक्क्यावर अडकून परत फिरतं आहे.

‘मशीन स्लो झालंय’ एवढ्याच कारणासाठी फॉरमॅट मारायची आपल्याकडे पद्धत पडली आहे. बहुतेक वेळा ते स्लो असतं कारण त्यात अजून फिरती हार्ड डिस्क असते. फॉरमॅट मारला की थोडे दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. तो खर्च एसएसडीवर करा. फरक पहिल्यांदा मशीन सुरू करतानाच जाणवेल.

एक मधला रस्ताही आहे. सेटिंग्जमधल्या रिकव्हरीत ‘रिसेट धिस पीसी’ आहे. त्यात ‘कीप माय फाइल्स’ निवडलं तर फाइल्स राहतात, पण प्रोग्रॅम जातात. लोकांना हे नाव निरुपद्रवी वाटतं आणि टॅली उडाल्यावर धक्का बसतो.

पायरी ३: मशीनमध्ये काय आहे त्याची यादी करा

कागद घ्या, मशीनसमोर बसा आणि रोज ते वापरणाऱ्या माणसाला शेजारी बसवा. मालकांना मशीनमध्ये काय आहे ते पूर्ण माहीत नसतं, ऑपरेटरला असतं. स्टार्ट मेनूतले सगळे प्रोग्रॅम लिहा. प्रत्येकापुढे तीन गोष्टी: सेटअप कुठे आहे, लायसन्स किंवा पासवर्ड कुणाकडे आहे, आणि त्याचा डेटा कुठल्या फोल्डरमध्ये पडतो. आमच्या भागातल्या मशीनवर जे हमखास सापडतं, त्याबद्दल सविस्तर सांगते.

*टॅली.* कंपनी निवडायच्या पडद्यावर डेटाचा पत्ता दिसतो, तो जसाच्या तसा लिहून घ्या. त्या फोल्डरच्या आत आकड्यांच्या नावाचे फोल्डर असतात, प्रत्येक कंपनीचा एक. टॅली बंद करून अख्खा डेटा फोल्डर कॉपी करा, शिवाय टॅलीच्या आतला बॅकअपही घ्या. क्लीन इन्स्टॉल करणार असाल तर विंडोज पुसण्याआधी टॅलीत जाऊन लायसन्स सरेंडर करा, म्हणजे नव्या विंडोजवर ते विनातक्रार अ‍ॅक्टिव्हेट होतं. ज्या ई-मेलवर लायसन्स नोंदलं आहे त्याचा पासवर्ड आधी तपासा. अनेक दुकानांत तो ई-मेल सोडून गेलेल्या अकाउंटंटचा असतो.

*डिजिटल सिग्नेचर.* सही यूएसबी टोकनमध्ये असते, कॉम्प्युटरमध्ये नाही. त्यामुळे फॉरमॅटनं सही जात नाही, फक्त टोकनचा ड्रायव्हर (उपकरण विंडोजला ओळखून देणारा प्रोग्रॅम) आणि पोर्टलवर सही करून देणारा एमसाइनर पुन्हा टाकावे लागतात. खरा धोका पुढे आहे. ड्रायव्हर टाकल्यावर टोकनच्या प्रोग्रॅममध्ये ‘इनिशियलाइज’ असं बटण दिसतं. ते दाबू नका. त्यानं टोकन कोरं होतं आणि सही नव्यानं काढावी लागते. पिनही अंदाजानं टाकत बसू नका. ठराविक वेळा चुकली की टोकन लॉक होतं.

*थंब मशीन.* सेवा केंद्रवाल्यांनी ठसा घेणाऱ्या आपल्या उपकरणाचं नेमकं मॉडेल लिहून ठेवावं. आधारच्या पडताळणीसाठी ड्रायव्हरबरोबर त्याच कंपनीची आरडी सर्व्हिसही (ठसा पोर्टलपर्यंत पोचवणारा प्रोग्रॅम) लागते. ती टाकली नाही तर मशीनला दिवा लागतो, पण ठसा पोर्टलवर पोचत नाही.

*मराठी फॉन्ट.* इकडे पुष्कळ कागदपत्रं अजून श्रीलिपी, कृतिदेव किंवा शिवाजी फॉन्टमध्ये आहेत. हे युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर सारखं दिसणारं मराठी, नाहीत. फॉन्ट नसलेल्या मशीनवर तीच फाइल उघडली की मराठीऐवजी निरर्थक इंग्रजी अक्षरं दिसतात, आणि लोकांना वाटतं फाइल खराब झाली. अपग्रेडमध्ये फॉन्ट टिकतात, क्लीनमध्ये जातात. विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून ते आधीच कॉपी करून ठेवा. लग्नपत्रिका, हँडबिलं करणाऱ्या डीटीपीवाल्यांसाठी ही यादीतली पहिली ओळ असली पाहिजे.

*प्रिंटर.* मॉडेल नंबर लिहा आणि त्याचा ६४ बिटचा ड्रायव्हर आधी उतरवून ठेवा. कॅनन एलबीपी २९०० सारखे जुने, दणकट प्रिंटर आपल्याकडे वर्षानुवर्षं चालतात, पण ३२ बिटच्या विंडोजवरचा त्यांचा ड्रायव्हर अकरावर चालणार नाही.

*आउटलुक आणि ब्राउझर.* आउटलुक वापरत असाल तर मेल साठवणारी पीएसटी फाइल शोधा, बहुतेक वेळा ती डॉक्युमेंट्समध्ये आउटलुक फाइल्स नावाच्या फोल्डरात असते. क्रोममधले पासवर्ड गुगल खात्याशी जोडलेले आहेत का, ते पाहा. पासवर्ड फाइलमध्ये काढून घेतले तर ती फाइल कुणालाही वाचता येते. काम झालं की पुसून टाका.

पायरी ४: बॅकअप

अपग्रेड करणार असाल तरीही बॅकअप घ्यायचा. मध्येच लाइट गेली किंवा जुन्या डिस्कनं नेमका तोच दिवस गाठला, तर विंडोजची परत फिरायची सोय कामाला येत नाही.

डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स हे चार फोल्डर आणि पायरी ३ मधल्या यादीतलं सगळं एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फाइल्स आणि स्कॅनरचा फोल्डर लोक विसरतात. वनड्राइव्ह चालू असेल तर ‘सगळं क्लाउडवर आहे’ यावर विसंबू नका. मोफत जागा ५ जीबीच असते. ती भरली की पुढच्या फाइल्स वर जायच्या थांबतात.

"डी ड्राइव्हला आहे, म्हणजे सुरक्षित आहे" हे वाक्य मी फार ऐकते. सी आणि डी हे बहुतेक मशीनमध्ये एकाच डिस्कचे दोन भाग असतात. डिस्क गेली की दोन्ही जातात, आणि इन्स्टॉल करताना चुकीचा भाग पुसला की डी जातो. डीवर ठेवलेल्या प्रतीला बॅकअप म्हणू नका.

बॅकअप झाला की ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा आणि दोन-चार फाइल्स उघडून पाहा. टॅलीचा बॅकअप दुसऱ्या मशीनवरच्या टॅलीत रिस्टोअर करून शेवटचं व्हाउचर दिसतं का ते तपासा. याला जो वेळ लागेल तो लागू द्या. या लेखातलं एकच काम करणार असाल तर हे करा.

सांगलीकरांसाठी अजून एक. बॅकअपची डिस्क कॉम्प्युटरशेजारच्या ड्रॉवरमध्ये ठेवू नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत कृष्णेचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा तळमजल्यावर जे होतं ते सगळं एकत्रच भिजलं. दुकान खाली असेल तर डिस्क घरी किंवा वरच्या मजल्यावर ठेवा आणि टॅलीच्या बॅकअपची एक प्रत ऑनलाइनही असू द्या.

पायरी ५: हाताशी काय हवं

- बाहेरची हार्ड डिस्क, बॅकअपसाठी
- किमान ८ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह. बूटेबल (मशीन त्यावरूनच सुरू होईल असा) करताना त्यावरचं सगळं पुसलं जातं, म्हणून बॅकअपचा पेन ड्राइव्ह यासाठी वापरायचा नाही
- मायक्रोसॉफ्ट खात्याचा ई-मेल, पासवर्ड आणि त्याला जोडलेला मोबाइल
- बिटलॉकरची (डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीची) ४८ आकडी रिकव्हरी की
- लॅपटॉपचं मॉडेल आणि त्याच्या कंपनीच्या साइटवरून उतरवलेले वाय-फाय, चिपसेट आणि स्टोरेजचे ड्रायव्हर
- टॅली, ऑफिस वगैरेंची लायसन्स, टोकनची पिन
- अँड्रॉइड फोन आणि त्याची डेटा केबल

बिटलॉकरबद्दल थांबून सांगते. अनेक नव्या लॅपटॉपवर हे डिस्कचं एन्क्रिप्शन, म्हणजे डेटा कुलूपबंद करणं, मालकाच्या नकळत चालू असतं. बायोसमध्ये टीपीएम किंवा सिक्युअर बूटला हात लावला की पुढच्या वेळी निळा पडदा येतो आणि ४८ आकडे मागतो. ते नसतील तर आतला डेटा कुणालाही, अगदी दुरुस्तीवाल्यालाही, काढता येत नाही. म्हणून आधी मायक्रोसॉफ्ट खात्यात लॉगिन करून ही की शोधा, कागदावर लिहा, आणि बायोस बदलण्याआधी बिटलॉकर तात्पुरतं स्थगित करा.

इंटरनेटचा हिशेबही करा. विंडोज ११ ची फाइल ५ जीबीच्या वर जाते, नंतरचे अपडेट वेगळे. रोज दीड-दोन जीबी देणाऱ्या मोबाइल पॅकवर हे भागत नाही.

आणि दिवस नीट निवडा. जीएसटी रिटर्नच्या तारखा, जीएसटीआर-१ ची ११ आणि जीएसटीआर-३बी ची २०, तोंडावर असताना मशीनला हात लावू नका. २० तारीख उलटली की दोन दिवसांनी करा. हळदीचे सौदे जोरात असतील तर अडत दुकानांनी महिनाभर थांबलं तरी चालेल. महावितरणचा वीजबंदचा मेसेज आला आहे का ते पाहा. डेस्कटॉपला यूपीएस हवाच, लॅपटॉप पूर्ण चार्ज करून चार्जर लावलेला हवा.

पायरी ६: अपग्रेड

तयारी झाली असेल तर हा भाग सोपा आहे.

१. आधी विंडोज १० चे राहिलेले सगळे अपडेट घ्या आणि मशीन रीस्टार्ट करा.

२. सी ड्राइव्हवर ३० जीबीच्या आसपास जागा मोकळी करा. डिस्क क्लीनअप चालवा आणि मोठे व्हिडिओ बाहेर काढा.

३. बाहेरून टाकलेलं अँटिव्हायरस काढून टाका. अपग्रेड अडकण्याचं हे नेहमीचं कारण आहे. त्याची की जपून ठेवा, नंतर पुन्हा टाकता येतं. जास्तीचे पेन ड्राइव्ह, टोकन, थंब मशीन काढून ठेवा.

४. विंडोज अपडेटच्या पानावर अकराचा पर्याय दिसत असेल तर तिथूनच सुरू करा. दिसत नसेल तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून ‘विंडोज ११ इन्स्टॉलेशन असिस्टंट’ घ्या. नेट वारंवार तुटत असेल तर आयएसओ फाइल (अख्खं विंडोज असलेली एकच फाइल) उतरवून, ती उघडून त्यातलं सेटअप चालवा.

५. सेटअपनं ‘काय ठेवायचं’ असं विचारलं तर ‘कीप पर्सनल फाइल्स अँड अ‍ॅप्स’ निवडलेलं आहे ना, ते पाहा. हा पर्याय पुसट दिसत असेल तर पुढे जाऊ नका. आयएसओची भाषा किंवा एडिशन (होम, प्रो वगैरे) जुन्या विंडोजशी जुळत नसली की असं होतं. जुळणारी आयएसओ घ्या.

६. मशीन मध्ये अनेकदा बंद-चालू होतं. टक्का बराच वेळ एका जागी थांबतो, फिरत्या हार्ड डिस्कवर तर फारच. धीर सोडून पॉवरचं बटण दाबू नका.

अकरा चालू झाल्यावर यादी घेऊन एकेक प्रोग्रॅम उघडा, प्रिंट काढून पाहा, टोकन लावून पाहा. कुठे गंभीर अडलं तर सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी इथे ‘गो बॅक’ असतं. ते दहा दिवसच मिळतं. जुनं विंडोज सी ड्राइव्हवर विंडोज.ओल्ड या फोल्डरात ठेवलेलं असतं. जागा करायच्या नादात तो फोल्डर कुणी पुसला की परतीची वाट बंद होते. ऑपरेटरला हे आधीच सांगून ठेवा.

पायरी ७: क्लीन इन्स्टॉल

१. चालू असलेल्या दुसऱ्या एखाद्या मशीनवर मायक्रोसॉफ्टचं ‘मीडिया क्रिएशन टूल’ चालवून पेन ड्राइव्ह बूटेबल करा. दुकानातून मिळणारा तयार पेन ड्राइव्ह वापरू नका. त्यात मूळ विंडोज आहे की कुणी फेरफार केलेलं, हे तुम्हाला बाहेरून कळणार नाही.

२. डेस्कटॉपमध्ये दोन डिस्क असतील तर डेटाच्या डिस्कची केबल काढून ठेवा. बाहेरची बॅकअप डिस्कही काढा. जे जोडलेलंच नाही ते चुकून पुसलं जात नाही.

३. पेन ड्राइव्ह लावून मशीन सुरू करताना बूट मेनूची कळ दाबा. डेल, लेनोवो, एसरवर बहुधा एफ १२, एचपीवर एफ ९, असूसवर एस्केप किंवा एफ ८.

४. कीबोर्ड म्हणून ‘इंग्लिश इंडिया’ निवडा. त्यात उजवी ऑल्ट आणि ४ दाबलं की रुपयाचं चिन्ह येतं.

५. प्रॉडक्ट की विचारली तर ‘आय डोन्ट हॅव अ प्रॉडक्ट की’ निवडा. त्या मशीनवर आधी अस्सल विंडोज १० चालू असेल तर डिजिटल लायसन्स मायक्रोसॉफ्टकडे नोंदलेलं असतं आणि नेट जोडल्यावर अकरा आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतं, पैसे न भरता. मात्र एडिशन तीच हवी. आपल्याकडचे कितीतरी लॅपटॉप ‘होम सिंगल लँग्वेज’ घेऊन येतात. तिथे प्रो टाकलं तर ते अ‍ॅक्टिव्हेट होत नाही, मग कुणीतरी अ‍ॅक्टिव्हेटर चालवतो. असे अ‍ॅक्टिव्हेटर अँटिव्हायरस बंद करायला लावतात आणि त्यांच्या आडून पासवर्ड चोरणारे प्रोग्रॅम शिरतात. ज्या मशीनवर बँकेचं काम चालतं त्यावर ते कधीही चालवू देऊ नका.

६. आता डिस्कचा पडदा. इथे सी, डी अशी अक्षरं दिसत नाहीत. ‘डिस्क ०, पार्टिशन ३’ अशी ओळ आणि पुढे आकार दिसतो. म्हणून जुन्या विंडोजमध्ये असतानाच डिस्क मॅनेजमेंट उघडून त्या पडद्याचा फोटो मोबाइलवर काढून ठेवा. डी ठेवायचा असेल तर आकार जुळवून फक्त विंडोजचा भाग आणि त्याचे छोटे सिस्टिमचे भाग पुसा. सगळ्याचा बॅकअप तपासलेला असेल तर माझा सल्ला असा, की डिस्कवरचे सगळे भाग पुसा आणि मोकळ्या जागेवर इन्स्टॉल करा. बाकीचं विंडोज स्वतः करून घेतं.

७. डिस्कच दिसत नाही? अकराव्या पिढीपासून पुढच्या इंटेल लॅपटॉपवर हे पुष्कळदा होतं. एसएसडी खराब झालेली नसते, फक्त इंटेलचा रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर लागतो. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून तो घेऊन, त्याची झिप उलगडून पेन ड्राइव्हवर ठेवा आणि ‘लोड ड्रायव्हर’ दाबून दाखवा.

८. शेवटी सेटअप इंटरनेट मागतो आणि वाय-फायची यादी कोरी असते, कारण त्याचा ड्रायव्हर अजून नाही. फोन केबलनं जोडा आणि त्यातलं यूएसबी टेदरिंग (फोनचं नेट केबलनं मशीनला देणं) चालू करा. बहुतेक मशीन फोनला लगेच ओळखतात. मायक्रोसॉफ्ट खातं इथेच लागतं. ते मालकांच्या नावचं असू द्या, ऑपरेटरच्या किंवा विंडोज टाकायला आलेल्या मुलाच्या नावचं नको. २४एच२ या व्हर्जनपासून पुढच्या विंडोज ११ मध्ये क्लीन इन्स्टॉलनंतर डिस्कचं एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं आणि रिकव्हरी की त्याच खात्यात जाऊन बसते.

पायरी ८: विंडोज चालू झाल्यावर

आधी अ‍ॅक्टिव्हेशन पाहा, मग विंडोज अपडेट दोन-तीन वेळा चालवा. ‘ऑप्शनल अपडेट्स’मध्येही ड्रायव्हर असतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी खूण उरली असेल तर तो ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून घ्या. ‘ड्रायव्हर अपडेटर’ नावाचे फुकट प्रोग्रॅम टाकू नका.

मराठी टायपिंगसाठी सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, मग लँग्वेज अँड रीजन इथे मराठी भाषा जोडा. इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही कीबोर्ड विंडोजमध्येच आहेत, बाहेरून काही टाकायची गरज नाही. विंडोजची कळ आणि स्पेसबार दाबून भाषा बदलते. नवीन मजकूर युनिकोडमध्येच करा, जुन्या फाइलींपुरते जुने फॉन्ट ठेवा.

मग प्रिंटर, टॅली, टोकन, थंब मशीन या क्रमानं जोडा आणि प्रत्येकाचं खरं काम करून पाहा. प्रिंटर दिसतो म्हणून थांबू नका, पावती छापा. टोकन लागलं म्हणून थांबू नका, पोर्टलवर सही होते का पाहा.

मशीन अकरा घेतच नसेल तर

रुफससारख्या साधनानं अटी डावलून अकरा टाकता येतं. घरच्या, शिकायच्या मशीनवर हरकत नाही. धंद्याच्या मशीनवर मी ते करत नाही. अशा मशीनला अपडेट मिळत राहतील याची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही आणि वर्षाकाठी येणारं मोठं अपडेट बहुधा हातानंच घालावं लागतं.

थोडा वेळ हवा असेल तर विंडोज १० च्या वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी करा. घरगुती वापरासाठीची ही सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे आणि तिचा पर्याय विंडोज अपडेटच्या पानावरच असतो. सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडला तर पैसे लागत नाहीत. मशीनवर २२एच२ हे व्हर्जन मात्र हवं.

ज्या मशीनवर फक्त ब्राउझर, ई-मेल आणि पत्रं टाइप करणं एवढंच चालतं, त्यात एसएसडी घालून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही दुसरी सिस्टिम टाका. मोफत आहे आणि जुन्या मशीनवर छान पळतं. टॅली मात्र त्यावर थेट चालत नाही, त्यामुळे हिशेबाच्या मशीनला हा उपाय नाही. तिथे जुनंच पण आठव्या पिढीच्या पुढचं सेकंडहँड मशीन घेणं बरं. घेताना दुकानातच पीसी हेल्थ चेक चालवून पाहा, विंडोज अस्सल आहे का ते अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानावर तपासा, आणि बिल घ्या.